बेडशाच्या बागेतलं श्रमदान

प्रिय निर्मला,

तू फोन उचलणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून लिहितेय. दोन रिंग झाल्या की तू कट करतेस. हल्ली तेवढंच आपलं बोलणं.

बेडशाच्या बागेचं उद्घाटन झकास झालं. पुण्याहून पाहुणे आले, लोणावळ्याची चिक्की वाटली, आपल्या 'झाडं, वेठ आणि वारसा' प्रकल्पाचं तोंडभरून कौतुक झालं. प्रमुख म्हणून शाल मला. प्रत्येक झाडाखाली पाटी आहे, त्या झाडापायी कोणाला गुलामासारखं राबवलं ते सांगणारी. खैराखालची वाचून एक बाई तर रडल्या. तिथे तुझ्या आजीचेच शब्द आहेत: "मालकाचा निरोप यायचा, घरटी एक मानूस. खैर तोडायचा, कात शिजवायचा, आन् रिकाम्या हातानं घरी." भागुबाई हे सांगत होत्या तेव्हा रेकॉर्डर माझ्या मांडीवर होता आणि तू त्यांच्या पायाला तेल चोळत होतीस. मला वाटलेलं, एवढं लोकांपुढे आणलं की जन्माचं सार्थक. कसलं डोंबलाचं सार्थक!

मे महिन्यात खड्डे खणायचे राहिले होते. बागेला जागा देणारे बाजीरावभाऊ म्हणाले, वाडीवरनं माणसं आणतो, श्रमदान म्हणू. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तुमच्या वाडीतून घरटी एक माणूस हजर. मी हजेरी घेतली, आणि खरं सांगते, तेव्हा मला काहीसुद्धा खटकलं नाही. तुझे आईवडील कामशेतला मजुरीवर, म्हणून तुमच्या घरातून आजी आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई भर उन्हात कुदळ मारत होती. मी त्यांना सरबत दिलं आणि फोटो काढला. नसत्या आलात तरी चाललं असतं, असं वर म्हणालेही. त्या म्हणाल्या, "न्हाई म्हनायची सोय कुटं हाय, ताई? भाऊंच्याच रानात ऱ्हातो आमी."

तू या श्रमदानाची वरती तक्रार केलीस तेव्हा मी भयंकर चिडले. दोन वर्षं हाताखाली शिकवलं आणि ही माझ्यावरच उलटली, असं चारचौघांत बोलले. लाज वाटते गं आता. कारण तुला निम्मंच माहीत आहे. मजुरीसाठी पैसे मंजूर होते. ते मी उद्घाटनाच्या मंडपाकडे वळवले. आणि श्रमदान बाजीरावभाऊंनी सुचवलं असं वर लिहिलंय ना, तेही खोटं. तो शब्द माझा. त्यांनी फक्त निरोप धाडला.

सोमवारी चौकशी समिती बसतेय. 'वाडीतले लोक स्वखुशीने आले' या जबाबावर मी परवाच सही केली. नोकरीची चार वर्षं उरलीत. समितीसमोर तोंड उघडून तो जबाब फिरवायची हिंमत माझ्यात नाही. पण हे पत्र माझ्या हातचं आहे, खाली सही आहे. सोमवारी ते समितीच्या टेबलावर ठेव. मी तिथेच बसलेली असेन. माझ्याकडे बघू नकोस, नुसतं ठेव.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
अनघाताई