गुळाच्या ढेपेवरचा बंगला

येरमाळा, चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप बंडप्पा आण्णा यांचे चरणी वीरप्पाचा साष्टांग शरणार्थ. तुमची कंबर, वहिनींचा खोकला आणि सोलापूरचा उन्हाळा या तिन्ही गोष्टी आटोक्यात असाव्यात. इकडं सर्वजण खुशाल आहेत, घर तेवढं जरा कलंडलं आहे. (राहतं घर नव्हे, दुसरं. तुमची बहीण इरम्मा माझ्या आधी कळवील म्हणूनच घाईनं लिहायला बसलो.)

त्याचं असं झालं, सडक मोजायला आलेला एक गोरा साहेब लढाईवर निघून गेला आणि त्याचं चाकांचं घर धाराशिवला हर्राजात निघालं. आत लाकडी बाकं, काचेच्या खिडक्या, कोपऱ्यात इवलीशी मोरी. मोटारीला जोडायचं आणि घरासकट गावाला जायचं. आपल्याकडं मोटार नाही हे मला ठाऊक होतं, इरम्मानं ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगायची गरज नव्हती. पण येडेश्वरीच्या यात्रेत आपल्या घरी पाय ठेवायला जागा नसते, आणि यंदा त्याच गर्दीत नळदुर्गचे रेवणसिद्धप्पा मुलाला घेऊन आपल्या शिवकांताला पाहायला येणार होते. पोरीची दोन स्थळं हातची गेलेली (एकाला उंची कमी वाटली, दुसऱ्याला जास्त). हे तिसरं जमावं म्हणून इरम्मानं सोमवार धरले होते. अशा पाहुण्यांना यात्रेकरूंच्या वळकट्यांत बसवण्यापेक्षा काचेच्या बंगल्यात बसवावं असं मनानं घेतलं आणि बोली लावून तो लॉरीमागं जोडून आणवला.

आता या बंगल्याला चाकांखेरीज चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय असतात. बंगला जागी उभा केला की दांडी फिरवून पाय जमिनीला टेकवायचे, म्हणजे आत माणूस हलला तरी घर हलत नाही. निघताना ते आठवणीनं वर घ्यायचे. लॉरीवाल्यानं बंगला सडकेच्या कडेला सोडला, पाय टेकवले आणि तो गेला. तिथून आपल्या खळ्यापर्यंत उत्तरेश्वर पाटलाच्या बैलांनी ओढायचं ठरलं. हार घातले, जंगमांनी मुहूर्त काढून दिला, नारळ फुटला, वेळ टळतेय असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी एकदम देवीचा उदो केला. बैल निघाले. पाय वर घ्यायचे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. (माझ्या हातात नारळ होता, दांडी नव्हती.) डाव्या अंगाचे दोन्ही पाय दगडाला अडकून दुमडले आणि त्याच बाजूच्या चाकाचं रबर फाटलं. तसाच फरफटत खळ्यात आणला, पण लढाईच्या दिवसांत नवं रबर कुठलं मिळायला?

बिभीषण लोहारानं ते पाय भट्टीत लाल करून ठोकून ठोकून सरळ केले. सरळ झाले, पण मळसूत्राचे आटे सपाट झाले आणि दांडी काही फिरेना. पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत राहिले. बिभीषण म्हणाला, ‘आप्पा, दोन दिस दम धरा, नवं आटं पाडून देतो.’ दम कसला धरता, पाहुणे उद्यावर आलेले. इरम्मा म्हणाली, पायाखाली बाभळीचे ठोकळे घाला. पण मला जे सुचलं ते गुळाच्या व्यापाऱ्यालाच सुचावं. आपल्या दुकानातली ढोकीकडची ढेप! तिच्यावर हत्ती उभा करा, असं मी गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आलो. शिवाय रेवणसिद्धप्पाही गुळातलेच. आख्खा बंगला तोलणारी ढेप डोळ्यांनी बघतील, सोयरिकीबरोबर सौदाही जमेल. इरम्मा म्हणाली, ‘चैताचं ऊन हाय, गूळ पाघळंल.’ मी म्हटलं, तुझ्या माहेरचा पाघळत असेल. (हे वाक्य मी मागं घेतलं आहे.) दोन्ही लोंबत्या पायांखाली ढेपा सारल्या.

दुपारी पाहुण्यांची गाडी थेट बंगल्याच्या दारालाच लागली. रेवणसिद्धप्पा, त्यांच्या आई नागम्मा आणि मुलगा महालिंग. मंडळी बंगल्यावर खूष झाली, खिडक्या उघडून झाल्या, मिटून झाल्या. खाली ढेपांनी अंग सोडायला सुरुवात केली होती. त्यात उत्तरेश्वरचा एक बैल शेजारीच बांधलेला, त्यानं दावं ताणून चाटायला आरंभ केला. बंगला इतक्या सावकाश कलत होता की आत कुणाला पत्ता नाही. पानाचा डबा सरकत आला तो मी मांडीनं अडवला. आणि मग नागम्मांनी रीतीप्रमाणं शिवकांताला चालून दाखवायला सांगितलं.

आण्णा, पोर चालली. पावलागणिक ती एका अंगाला झुकत होती. बांधाबांधावरून धावत वाढलेली पोर! नागम्मा लेकाच्या कानाशी लागून कानडीत म्हणाल्या, ‘हुडगी कुंटी.’ पोरगी लंगडी आहे, म्हणून. माझं आजोळ तिकडचंच, मला कळायचं ते कळलं. रेवणसिद्धप्पांनी उपरणं खांद्यावर टाकलं. तिसरंही स्थळ उठून निघालं होतं.

तेव्हा शिवकांतानं मान वर केली. म्हणाली, ‘आज्जी, आता तुमी चालून दाखवा.’ इरम्मानं डोळेच मिटून घेतले. नागम्मा रागानं उठल्या, चार पावलं टाकली आणि लंगडल्या. रेवणसिद्धप्पा आईला सावरायला गेले, तेही लंगडले. मी उठलो, माझी तीच गत. मग म्हातारी जी हसत सुटली! ‘आगं बया, समदं घरच कुंटी हाय की!’ एकटा महालिंग तेवढा दारापर्यंत ताठ चालत गेला आणि पायरी उतरून बाहेर जाऊन बसला. मला त्याचं फार कौतुक वाटलं. सगळं कलंडलेलं असताना न डगमगणारा जावई कुणाच्या नशिबी असतो? तेवढ्यात बैलानं उरलीसुरली ढेप ओढली आणि बंगला धप्पकन खाली बसला. म्हातारीनं माझ्या अंगावर पडल्या पडल्याच शिवकांताच्या तोंडात खडीसाखर घातली. मी रडलो, आण्णा. आनंदानं, आणि थोडं कोपर लागलं होतं म्हणून.

बंगला हल्ली बाभळीच्या ठोकळ्यांवर आहे. (कुणी सुचवलं ते लिहायची जरुरी नाही.) वहिनींना शरणार्थ, मुलांना आशीर्वाद.

आपला,
वीरप्पा

ता. क. सोलापुरात गिरणीच्या जुन्या सामानात मळसूत्री दांडे मिळतात म्हणे. दोन पाठवावेत.

आणखी ता. क. दांडे राहू द्या. इरम्मानं हे पत्र वाचून दाखवायला लावलं आणि विचारलं, कलत्या जमिनीवर सगळे लंगडले, तर महालिंग सरळ कसा चालला? आणि गेला तो परत आत का आला नाही? म्हणजे त्याचाच एक पाय आखूड असणार, जाताना कलत्या जमिनीनं झाकला, येताना दुप्पट दिसला असता. शिवकांताचं म्हणणं, ‘पाय कसा का असंना, माझी ना न्हाय. पर मला कुंटी म्हणून उठले, तवा ह्यो गप का बसला?’ म्हणून विनंती अशी की, वाट वाकडी करून नळदुर्गला जावं आणि महालिंगला सपाट ओसरीवर चालवून पाहावं, जाताना आणि येताना, दोन्ही. लंगडत असेल तर त्यानं येरमाळ्याला यावं, शिवकांतासमोर चालून दाखवावं आणि मान खाली घालून बसावं. होकार द्यायचा की कसं, ते ती मागाहून कळवील.