गिटार टेरीला, एका अटीवर

मी, फिलोमिना गेराटी, घरादारात मीना, वय एकोणऐंशी, निवृत्त रेकॉर्ड-विक्रेती, राहणार बूटल, लिव्हरपूल. गुडघे सोडले तर माझे सगळे ठिकाणावर आहे, डोके तर विशेषच. ही व्यवस्था मी स्वखुशीने लिहीत आहे. दडपण आणायचा प्रयत्न धाकटी बहीण व्हेरोनिका हिने केला. तिला चहा पाजून परत पाठवले.

घर व्हेरोनिकाला. पडदे बदलायचे ते माझ्या पश्चात.

रेकॉर्ड्स एकगठ्ठा विकू नयेत. अमेरिकन रॉक अँड रोलच्या तबकड्या आमचे वडील न्यूयॉर्कच्या बोटीवर वाढपी असताना गणवेशाच्या घड्यांत गुंडाळून आणत. आमच्या गल्लीला ते संगीत रेडिओच्या आधी आमच्या खिडकीतून कळले. त्याही व्हेरोनिकाला. ती तेव्हा मोजे घालून फरशीवर नाचायची. आता नाही म्हणते. नाचायची.

प्रोग्रेसिव्ह रॉक, ज्यात एकेक गाणे तबकडीची अख्खी बाजू खाते, ते तिचे यजमान सिरिल यांना. त्यांचे वाक्यही तेवढ्याच वेळात संपते. हेवी मेटल आमच्या चर्चच्या फादर डिक्लन यांना. दुकानात येऊन ते हळूच म्हणत, "मीना, आवाज वाढव. बिशप लांब राहतात." पंक व्हेरोनिकाची नात ऑर्ला हिला. तिला राग लवकर येतो, आणि त्या संगीताला रागाखेरीज फारसे काही लागत नाही.

आता गिटार.

आमच्या बीट ग्रुपमध्ये, म्हणजे गिटार-ड्रमवर गाणाऱ्या त्या काळच्या बँडमध्ये, आम्ही पाच जण होतो. चौसष्ट साली आमची एकुलती एक रेकॉर्ड निघाली, तिच्यावर फोटो चौघांचा. "फोटोपुरती बाजूला हो गं, मीना. पोरी पोरांकडे बघून रेकॉर्ड घेतात," असे आमचा म्होरक्या टेरी मॉसक्रॉप म्हणाला. मी झाले. त्या गाण्याची सुरुवात, जी अजून लोक गुणगुणतात, ती मी वाजवली आहे. टेरी मात्र आज पर्यटकांना ती आपली म्हणून सांगतो. गेल्या वसंतात तो घरी आला.

"ती गिटार मला दे, मीना. संग्रहालयवाले काचेत ठेवतायत, माझ्या नावाची पाटी लावून."

"आणि माझं नाव?"

"जुनं कशाला उकरतेस आता?"

तर गिटार टेरीलाच द्यावी. अट अशी: माझ्या दफनानंतर चर्चच्या सभागृहात, सर्वांदेखत, त्याने ती सुरुवात याच गिटारीवर, तारा आहेत तशाच ठेवून वाजवावी. मी डावरी आहे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी पट्ट्या मारून माझे लिहिणे उजव्या हातात आणले. गिटार त्या शिकवत नसत, म्हणून ती वाचली. तारा उलट्या चढवलेल्या आहेत. टेरी उजव्या हाताचा. निकाल फादर डिक्लन देतील, त्यांचा कान चांगला आहे. न जमल्यास गिटार ऑर्लाला. तिने तारा हव्या तशा बदलाव्यात, पण काचेत ठेवू नये.

वाजवायचे नसेल, तर टेरीने उभे राहून एवढेच म्हणावे: "सुरुवात मीनाने वाजवली." मग गिटार त्याची, काचही त्याची, पाटीवर नावे मात्र दोन.

हे वाक्य त्याने मी असताना येऊन म्हटले, तर साक्षीदारही नकोत. अट रद्द समजावी. दुपारी मी घरीच असते.

वरील मजकूर मीच लिहिला, मीच वाचला, आणि दोघांसमोर सही केली. त्यांना यातले काही मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

फिलोमिना गेराटी

साक्षीदार: हेस्टर ओक्स, शेजारीण
डोनाल्ड प्रिचर्ड, निवृत्त पोस्टमन

बूटल, १४ नोव्हेंबर २०२३