फॅटचा सॉकेट कुणाकुणाला खुला

३ जून
दुधाचं फॅट यंत्रावर ६.८, चिठ्ठीवर ६.१! आणि भाव तर चिठ्ठीवरच्या फॅटवर मिळतो. दूध घालायला आलेल्या बानूबाईंनी दोन्हीकडं बोट दाखवलं. "मिनाज, यंत्र खोटं का कागुद?" ईट गावच्या या दूध केंद्राचा कॉम्प्युटर मीच तर सांभाळते!

४ जून
सापडलं. फॅट मोजणारा प्रोग्रॅम आकडा सॉकेटमध्ये टाकतो, चिठ्ठी छापणारा तिथून उचलतो. सॉकेट म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली एक फाईलच — कुणी हात लावायचा ते परवानगीवर ठरतं. आणि इथं ७७७! सगळ्यांना मोकळं रान. सचिव कोंडीरामकाकांच्या लॉगिनमधून एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालतंय, ते यंत्रामागोमाग आपला आकडा ढकलतंय. कुणाचा वर, कुणाचा खाली — देव जाणे. स्क्रिप्ट उघडून बघावं तर ते ६००, फक्त त्यांनाच वाचता येतं. स्वतःच्या फाईलला कुलूप आणि गावाच्या दुधाला दार उघडं! वा रे वा.

सॉकेट माझ्या लॉगिनचा आहे. केला ६००, फक्त मलाच. आता ढकला म्हणावं.

५ जून
सकाळी लाईट गेली. कॉम्प्युटर परत चालू झाला, सॉकेट नवा बनला — आणि पुन्हा ७७७! माझंच चुकलं. परवानगी प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच घालायला पाहिजे होती. आता घातली. सॉकेटच्या फोल्डरलाही ७००, तिथंही फक्त मीच. घालवा किती लाईट घालवायची ती.

६ जून
काका लई तापले. "चालत होतं ना? मग हात कशाला लावलास? पगारी माणसानं पगारासारखं राहावं."
मी म्हणाले, "व्हय, पगारी आहे. काढून टाका. पण चेअरमनसमोर, कारण सांगून."
"पासवर्ड दे."
"न्हाय देत."
तीनदा मागितला त्यांनी. पण दिला नाही!

७ जून
बानूबाई: ६.७, ६.७. चिठ्ठी पदराला बांधली आणि माझ्या गालावरनं हात फिरवला. रडूच आलं मेलं.

८ जून
काका पासवर्डचं नावही काढत नाहीत. मला वाटतं, ते घाबरले.

९ जून
आज अम्मीच्या दुधाच्या चिठ्ठ्या बघितल्या. आमच्या म्हशीचं फॅट गेली दोन वर्षं आठाच्या वर. सॉकेट बंद केल्यापासून ५.९.
अम्मीला नवल वाटलं नाही. हळूच म्हणाली, "खोल दे ना वो. कोंडीरामभाऊने मेरेकू जबान दी थी, अपना फॅट ऊपर रखेंगे बोलके."
तिला सगळं माहीत होतं.
मी नाही म्हणाले. जेवले नाही. सॉकेट बंदच आहे.