नो, थँक यू

मोरिवली, अंबरनाथ
रविवार

प्रिय उन्नती,

सप्रेम जयभीम.

फोन असताना आईने कागद का हातात घेतला, असं तुला वाटेल. फोनवर तू कायम घाईत, आणि मी बोलायला लागले की मूळ मुद्दा सोडून गावभर फिरून येते, हे तुझंच म्हणणं. म्हणून लिहून, फोटो काढून पाठवतेय. तुला पाचवा लागलाय, तेव्हा पाय वर घेऊन बस आणि सावकाश वाच. बाळंतपणाला तू मला कॅनडाला बोलावलंस, मी गुडघ्यांचं कारण सांगून नको म्हटलं, त्याला महिना होत आला. तेव्हापासून तो एक विषय सोडून आपण जगातलं सगळं बोलतो.

तर बातमी अशी, की तुझी आई सिनेमात काम करते. हसू नकोस. शेजारच्या शंकररावांची नात मनाली उल्हासनगरला कॉलेजात सिनेमाचं शिकते. तिला परीक्षेसाठी फिल्म करायची होती, आणि विहारात आम्हा बायकांचा इंग्रजीचा क्लासही घ्यायचा होता. पोरीने एका दगडात दोन पक्षी मारले. फळा नाही, पुस्तक नाही. ती मोबाइल स्टँडवर लावते, आम्ही इंग्रजीत बोलायचं, चुकलं की पुन्हा टेक. कंपनीत पॅकिंगला बसून मी खोक्यांवरची इंग्रजी जन्मभर वाचली गं, पण तोंडाने एक वाक्य बोलायचं तर जीभच वळायची नाही. आता टेक देऊन देऊन जीभ सैल झालीय. सकाळी बाबांना ‘युवर टिफिन इज रेडी’ म्हणते, तर ते घाबरून आधी डबा उघडून बघतात.

पहिला सीन उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या कापडाच्या दुकानात झाला. शेठ सिंधी, मनालीच्या ओळखीचे. कॅमेरा बघून ते असे भाव खायला लागले की विचारू नकोस. मी घासाघीस करायला तोंड उघडलं, तर म्हणाले, ‘मॅडम, लास्ट प्राइस! कॅमेरे के सामने झूठ नहीं बोलता.’ कॅमेरा बंद झाल्यावर अजून कमी केले.

खरी गंमत झाली ती दुसऱ्या सीनला, आमच्या क्लासमधल्या जनाबाईंच्या घरी. मी पाहुणी, जनाबाई यजमान. त्यांनी चहा पुढे करायचा, मी ‘नो, थँक यू’ म्हणायचं, त्यांनी ‘ओके’ म्हणून ट्रे आत न्यायचा. एवढंच. मी ‘नो, थँक यू’ म्हटलं की जनाबाई कप माझ्या हातात कोंबायच्या. दर टेकला हेच. शेवटी मनाली वैतागली, म्हणाली, ‘आजी, इंग्रजीत नको म्हणजे नकोच असतं.’ जनाबाई तिच्यावरच उखडल्या, ‘अगं, बाई उन्हातनं आलीय. एकदा नको बोलली म्हणून तशीच पाठवू? दुसऱ्यांदा इचारल्याबिगर माझा पाय आत जायचा नाय.’ खूप विनवण्या केल्यावर त्या एकदाच ‘ओके’ म्हणाल्या आणि तोंड फुगवून ट्रे घेऊन आत गेल्या.

काल विहारात मनालीने ते सगळं लॅपटॉपवर दाखवलं. बायका हसून हसून लोळत होत्या, कारण ट्रे आत जाताना पाहुणीची नजर त्याच्या मागे पार स्वयंपाकघरापर्यंत गेली होती. मला अभिनय येत नाही, उन्नती. ते माझंच तोंड होतं. सगळ्यांबरोबर मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तू ‘बरं आई, राहू दे मग’ म्हणालीस तेव्हाही माझं तोंड असंच झालं असणार. तुला दिसलं नाही. आपण नुसतं फोनवर बोलत होतो.

गुडघे तसे बरे आहेत. मला भीती वाटत होती. विमानतळावर कुणी काही विचारलं आणि मला सांगता आलं नाही तर? तुझ्या शेजारणींसमोर तुझी आई मुकी बसली तर? भीती अजून पुरती गेलेली नाही, पण आता भीतीपेक्षा तुझी आठवण मोठी झालीय. तुझ्या बाळाला पहिली अंघोळ मीच घालायची, असं लेकीची आई झाले तेव्हापासून मनात धरलंय. तू समजूतदार, आईला त्रास नको म्हणून माझा एक नकार ऐकून गप्प बसलीस. तिकडे तसंच करत असतील. पण मी इकडची आहे गं. पत्र वाचून झालं की फोन कर, आणि मला दुसऱ्यांदा विचार.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई