दामलेकाकांचं बुकपोस्ट

१८ जाने. ८८, सोमवार
आजपासून बुकपोस्टचं काउंटर माझ्याकडे. मनीऑर्डरमधून सुटले एकदाची. पोस्टमास्तरांनी (पो.मा.) नियमांचं पुस्तक हातात दिलं. म्हणाले, "मिस गायकवाड, पाठ करा. पुढच्या महिन्यात तपासणी आहे." डोंबिवलीहून गाडीने घरी कळव्याला येईपर्यंत वाचून काढलं. पाकीट दोन्ही टोकांना उघडं हवं. आत छापील मजकूर. भेट देणाऱ्याचं नाव चालेल, पत्र चालणार नाही. पत्र निघालं तर सवलत गेली, सगळं पाकीट पत्राच्या दराने, नॉट-पेडचा शिक्का, आणि कमी पडलेल्याच्या दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल. लबाडी पाठवणाऱ्याची, भुर्दंड घेणाऱ्याला. असो, नियम आहे.
आईचा हात परत सुजलाय. वागळे इस्टेटला कारखान्यात पंधरा वर्षं बाटल्यांची झाकणं पिळली, आता पीठ मळवत नाही. भात लावला.

२१ जाने.
बुकपोस्टचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे दामले. साठीचे, बारीक, धुतलेला पांढरा शर्ट. ठाण्यात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, छापखाना बंद पडला. आता डोंबिवलीत खोलीवर जुन्या पुस्तकांचा ढीग करून ठेवलाय. साप्ताहिकांत छोटी जाहिरात देतात, पत्रं येतात, पोस्टाने पुस्तकं पाठवतात. बहुतेक लांबच्या गावांना, जिथे दुकान नाही. सुतळी इतकी नीट बांधलेली की सोडायचं जिवावर येतं. मला म्हणाले, "ताई, तुमच्यामुळे ही पुस्तकं माणसांपर्यंत जातात. पूर्ण दराने पाठवायची म्हटली तर धंदा उद्या बंद."
चांगलं वाटलं. उगाच.

२५ जाने.
दामल्यांचं एक पाकीट दर पंधरवड्याला एकाच पत्त्यावर जातं. जालन्याकडचं एक तालुक्याचं गाव. सौ. वृंदा अमुक, द्वारा सासऱ्यांचं नाव. आमचे पोस्टमन भोईर म्हणाले, "पोरगी हाय त्याची. ती बी पुस्तका टपालानं परत धारते. बाहेरून बी.ए. करते म्हनं."

२९ जाने., शुक्रवार
आज पकडलं!
पो.मा. म्हणाले होते रोज दहा पाकिटं उघडून बघ. दामल्यांचं जालन्याकडचं घेतलं. इतिहासाचं क्रमिक पुस्तक, वर खाकी कव्हर. एका बाजूची खळ अजून ओली. बोट घातलं तर आत घडी. बारीक अक्षरातला कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला. खाजगी मजकूर आहे का तेवढं बघण्यापुरतं वाचायचं असतं. वाचलं. तेवढ्यात पो.मा. मागे येऊन उभे. "काय मिळालं?" दाखवलं. म्हणाले, "शाबास. हेच तपासणीला दाखवू." रजिस्टरला नोंद केली, कागद होता तिथे परत ठेवला, शिक्का मारला. साडेचारच्या थैलीत गेलं.
त्यात लिहिलेलं — नको. ते लिहायचं नाही. दुसऱ्याचं पत्र आहे.

३० जाने.
भोईरांना सहज सांगितलं. हसतील वाटलेलं. हसले नाहीत. "बाय, बोलवून परत द्यायचा ना म्हाताऱ्याला. काढ म्हनायचा आन् मग टाक."
खरंय. तसंही करता आलं असतं. पण थैली बंद व्हायची वेळ, आणि पो.मा. मागे उभे. म्हणजे मुद्दाम नाही केलं.
मग रात्रभर तो कागद का डोळ्यांसमोर.

३१ जाने., रविवार
लिहूनच टाकते, इथे कोण बघणार. पत्रात होतं: हाताचं आता कसं आहे? स्टोव्हवर भाजलं असं तू लिहितेस, पण मनगटाच्या वर गोल गोल तीन डाग स्टोव्हने पडत नाहीत. मंगळवार ९ तारखेला सकाळी बाजाराच्या निमित्ताने एस.टी. स्टँडवर ये, मी रसवंतीजवळ उभा असेन. काही आणू नकोस. नुसती ये.
म्हणजे तिची पत्रं घरात वाचली जातात. पुस्तकं कोणी वाचत नाही, म्हणून पुस्तकातून.
आणि आता त्या घरात कोणीतरी जादा पैसे मोजणार आणि विचारणार, कशाबद्दल?

१ फेब्रु.
सकाळी पो.मा.ना विचारलं, ते पाकीट थांबवता येईल का. "कुठलं?" सांगितलं. चष्म्यावरून बघत राहिले. "तुम्ही पाठवलंय का ते? नाही. मग तुम्ही कोण थांबवणार? पाठवणाऱ्याने अर्ज करायचा." पाठवणाऱ्याला सांगायला हवं होतं. दुपारी दामले आले, सात पाकिटं. मी वजन केलं, तिकिटं दिली. तोंड उघडलं आणि म्हटलं, "काका, सुतळी जरा सैल बांधत जा."

घरी जायचं ठरवलेलं त्यांच्या. पत्ता पाकिटावर असतोच. स्टेशनपर्यंत आले आणि कळव्याची गाडी धरली.

१० फेब्रु.
काल ९ होती. दामले शनिवारपासून आलेले नाहीत. भोईर म्हणाले खोलीला कुलूप.

१२ फेब्रु.
आले. दाढी वाढलेली. मी न विचारता काका सांगायला लागले. कोणाला तरी सांगायचं होतं बहुतेक. मुलीला आणायला गेलेलो, स्टँडवर दोन दिवस बसलो, आली नाही. घरी जाऊन दार वाजवलं तर सासरा म्हणाला, ती मावशीकडे गेलीय, पुढच्या महिन्यात येईल. आत बोलावलं नाही, पाणी विचारलं नाही.
"मन बदललं असेल तिचं," काका म्हणाले. "हल्ली घाबरते. लहानपणी नव्हती तशी. झाडावर चढायची."
त्याच पत्त्यावर नवीन पाकीट दिलं. आत फक्त पुस्तक. मी बघितलं. या वेळी कव्हरच नव्हतं.

२२ फेब्रु.
ते पाकीट परत आलं. शेरा: घेण्यास नकार. भोईर द्यायला गेले तर काका दारातच उभे होते म्हणे. पाकीट घेतलं, उलटंसुलटं केलं, भोईरांनाच विचारलं, "नकार कोणी दिला ते लिहीत नाहीत का?"

२३ फेब्रु.
तपासणी झाली. रजिस्टर बघून साहेब खूष. पो.मा.नी माझं नाव घेतलं. सगळ्यांना चहा आणि खारी. माझी खारी मी भोईरांना दिली.

१ मार्च
व्याह्यांचं पत्र आलं काकांना. काउंटरवर आणून माझ्यासमोर धरलं, चष्मा फुटलाय म्हणाले, वाचून दाखवा. खोटं, चष्मा खिशात दिसत होता. स्वतःला परत वाचवत नव्हतं.
वाचलं: आपली कन्या ८ फेब्रुवारीला कोणास न सांगता घरातून गेली. ती आपल्याकडेच असणार. आमची बदनामी केलीत तर आम्हालाही बोलावं लागेल, तिची चालचलणूक काय होती ते.
मागे रांग. एक बाई ओरडली, "अहो, अंतर्देशीय द्या ना!" दिलं. सुटे परत केले. काका बाजूला उभे, हातातल्या पत्राची घडी घालतायत, घडी जमत नाहीये.
८ तारीख. म्हणजे स्टँडवर भेटायच्या आदल्या दिवशी.

३ मार्च
दोन दिवस झाले. आईला सांगितलं सगळं. ती म्हणाली, "तू शिक्का मारलास, तिला कोणी मारलं ते वेगळं. पण त्या माणसाला अंधारात ठेवू नकोस. तो स्टँडवर बसला ना दोन दिवस, ती का आली नाही ते तुला माहीत असताना." मग भांडी घासायला उठली, दुखऱ्या हाताने. मी उठले नाही.

५ मार्च, शनिवार
हाफ डे. काकांकडे गेले.
एक खोली, भिंतीला छतापर्यंत पुस्तकं, मधे चटई. एकच खुर्ची होती, मला दिली. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. पाकीट मी उघडलं, पत्र मी वाचलं, शिक्का मी मारला, म्हणून तिच्या सासरच्यांना कळलं.
काकांनी खुर्चीची पाठ धरली. मग: "तुम्ही?"
"हो."
"पूर्ण वाचलंत?"
"हो."
"तारीख?"
"९, मंगळवार. रसवंतीजवळ."
खाली बसले चटईवर. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मी रोज विचार करत होतो की ती का आली नाही. मी तिच्यावर रागावलो होतो, ताई. स्टँडवर बसून रागावलो होतो."
मी माफी मागायला लागले तर हाताने थांबवलं. "ते राहू दे. तुम्हाला माफ करणं मला जमणार नाही, खोटं कशाला बोलू. पण पोलिसांत गेलो तर म्हणतात पुरावा काय? व्याही म्हणतात असं पत्र आलंच नाही. ते इथून गेलं होतं, आणि पैसे भरूनच त्यांच्या हाती पडणार होतं, हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे? लिहून द्याल?"
हो म्हटलं. लगेच म्हटलं. 

७ मार्च
पो.मा.ना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. "टपालात काय होतं ते बाहेर सांगणं गुन्हा आहे. नोकरी जाईल, वर खटला. पोलिसांना लेखी मागू दे, मी वर पाठवतो, परवानगी आली की बोला."
"किती दिवस लागतील?"
त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग हळू म्हणाले, "मी तुम्हाला शाबासकी दिली होती त्या दिवशी." खिडकीकडे बघत. वाईट माणूस नाहीत. दोन वर्षं राहिलीत रिटायर व्हायला.

१८ मार्च
पोलिसांचं लेखी आलेलं नाही. डोंबिवलीच्या पोलीस ठाण्यात काकांना सांगतात, बाई तिथून हरवली, तिथे तक्रार करा. तिथे म्हणतात, बापाकडेच असेल, आधी तिकडे बघा. काकांनी जाहिरात बंद केली. लोकांची पत्रं येऊन पडतात, अमुक पुस्तक आहे का, तमुक मिळेल का. भोईर नेऊन देतात, ते उघडत नाहीत.

२४ मार्च
आज काका माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून गेले. शाईची बाटली घेतलेली कागदात गुंडाळून, अर्ज लिहायला असणार. मी अजून लिहून दिलेलं नाही. नोकरी गेली तर कळव्याची खोली, आईचं औषध. रोज तेच तेच.
भाजलेल्या डागांचं मला आणि त्यांनाच माहीत. आणि त्या घराला.

२८ मार्च
लिहून दिलं. तीन पानं. पाकिटाची तारीख, रजिस्टरचा नंबर, पत्रात काय होतं ते आठवतं तसं. डागांचंसुद्धा. खाली सही, हुद्दा. काकांबरोबर पोलीस ठाण्यात गेले. हवालदार वाचताना दोनदा माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही सरकारी नोकर ना? विचार केलाय ना?" मग शिक्का मारून एक प्रत काकांना दिली.
बाहेर काकांनी उसाचा रस घेऊ म्हटलं. मग त्यांनाच काहीतरी आठवलं. नको म्हणाले, चहा घेऊ.

६ एप्रिल
मेमो. चौकशी होईपर्यंत निलंबित. मुख्यालय परवानगीशिवाय सोडायचं नाही, म्हणजे बाहेरगावी जायचं नाही. पो.मा.नी स्वतः हातात दिला, सही घेतली. रडले नाही. काउंटरची किल्ली दिली, डबा घेतला, आले. भोईर जिन्यापर्यंत आले. "बाय, तू बराबर केलास." एवढंच.
त्या जबाबामुळे जालन्याकडच्या पोलीस ठाण्याने तक्रार लिहून घेतली. त्यांच्या पोस्टातही नोंद सापडली: १ फेब्रुवारी, नॉट-पेड वसूल, सासऱ्याची सही. मी इकडे "सुतळी सैल बांधा" म्हणत होते तो दिवस. काका परवाच तिकडे गेले, धर्मशाळेत राहतायत.

१४ एप्रिल
आई विहारात गेली, पांढरी साडी नेसून. मी गेले नाही. लोक विचारतील, आज सुट्टी का रजा. लाउडस्पीकरचा आवाज घरापर्यंत येत होता. पोरं निळे झेंडे घेऊन पळत होती खाली. खिडकीतून बघत बसले.

१९ एप्रिल
काकांचं पोस्टकार्ड. छापखान्यातल्या माणसाचं अक्षर, एकेक अक्षर सुटं.
"ताई, सासरा व नवरा दोघांना बोलावून विचारले. पाकीट घेतले हे आता कबूल करतात. पत्र वाचून तिला बोललो, एवढेच म्हणतात. पुढचे माहीत नाही म्हणतात. गावाबाहेर विहिरीत फेब्रुवारीत एक बाई सापडली होती, ओळख न पटता अंत्यविधी केला. साडी व बांगडी ठेवली आहे. शनिवारी दाखवणार आहेत. माझी अडचण अशी की मला तिच्या साड्या माहीत नाहीत. लग्नाला चार वर्षे झाली, त्यात दोनदा भेट. पुरुषाचे साडीकडे लक्ष नसते. मी हो म्हटले आणि ती नसली तर? नाही म्हटले आणि असली तर? तुम्ही विचार करून कळवा."

२० एप्रिल
काय कळवू. मी तिला कधी पाहिलंच नाही. मला तिचं फक्त मनगट माहीत, तेही कागदावरचं.
आईने कार्ड वाचून घेतलं माझ्याकडून. म्हणाली, "साडी नुसती बघून कळत नाही गं. पदराला पिन कुठे लावते, फॉल कसा शिवलाय, हात लावून बघावं लागतं. त्याला एकट्याला कसं जमायचं?"

२१ एप्रिल, गुरुवार
कल्याणहून उद्या निघायचं, मनमाडला गाडी बदलून. परवा सकाळी पोचेन. तिच्या आईने (त्या आता नाहीत) लग्नात दिलेल्या साड्यांचं सुईकाम कोणी केलं होतं ते काकांच्या शेजारच्या बाईंना विचारून आले. वृंदाच्या आईनेच केलेलं म्हणाल्या, फॉल नेहमी दुहेरी दोऱ्याने शिवायच्या. तेवढं घेऊन चाललेय.
आई म्हणते, विहिरीतली बाई ती निघाली नाही तर बरंच, पण मग वृंदा आहे कुठे?
मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा अर्ज लिहायला घेतला. दोन ओळी झाल्या. मग कागद तसाच ठेवला आणि पिशवी भरली.