निघण्यापूर्वी बसावं

रोम, ऑगस्ट १९४२

चिरसहनशील एर्सिलियास सप्रेम आलिंगन.

प्रथम गंभीर तक्रार. सोव्हिएत रशियावरच्या कादंबरीचा सिनेमा करणाऱ्यांनी मला, एका लॅटिन शिक्षकाला, संवाद शुद्ध करायला बोलावलं आणि गर्दी कमी पडली म्हणून दाढी चिकटवून प्रवासी केलं. हनुवटी अखंड खाजते. व्याकरणात यावर उपाय नाही. बाकी मजेत आहे, दुपारी गरम सूप मिळतं.

आईचा गुडघा कसा आहे? ओरेस्तेचं आघाडीवरून पत्र आलं? हल्ली टपालच रेंगाळतं म्हणा.

काल निरोपाचा प्रसंग होता. नायक दाराकडे वळला, तोच गर्दीतल्या क्सेनियाबाई, अस्सल रशियन, कडाडल्या, "असा कुठे निघालास? आधी बस."

दिग्दर्शक म्हणाले, "बाई, त्याची गाडी चुकेल."

"चुकू दे. आमच्यात लांब निघताना घरचे सगळे क्षणभर गप्प बसतात. म्हणजे गेलेला परततो."

मग सगळेच बसले, दिग्दर्शकही. हसू आवरत मीही बसलो आणि एकदम ओरेस्तेच डोळ्यांपुढे आला.

एर्सिलिया, टपालाचं मी तुझ्या समाधानासाठी लिहिलं. आपला मुलगा खऱ्या रशियात आहे, आणि तो परत येईल की नाही याची मला फार भीती वाटते.

तुझाच,
अमेदेओ