झाकणे अजिंक्यला, डब्या मैत्रेयीला

मी, जयवंत दाविद चोपडे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धर्माने ख्रिस्ती, मूळचा बेळगावचा, सध्या राहणार एचएसआर लेआउट, बेंगळुरू, वजने व मापे खात्यातून निरीक्षक म्हणून सेवानिवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात, सकाळचा चहा घेतल्यानंतर, कोणाच्याही सांगण्यावरून अथवा दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझी स्मृती शाबूत आहे. रक्तदाब औषधाने ताब्यात आहे.

माझी पत्नी सुचेता गेल्या वर्षी जून महिन्यात प्रभूच्या घरी गेली. तिच्या नावामागे ‘कै.’ लावण्याचा सराव मला अद्याप झालेला नाही. सबब या दस्तऐवजात ती केवळ सुचेता आहे.

मला अपत्ये दोन. थोरली मैत्रेयी, राहणार हेब्बाळ. धाकटा अजिंक्य, राहणार व्हाइटफील्ड. दोघेही सुशिक्षित, कमावती आणि माझ्याशी प्रेमाने वागणारी आहेत. एकमेकांशी मात्र ती गेल्या डिसेंबरपासून बोलत नाहीत. अजिंक्य शनिवारी येतो, मैत्रेयी रविवारी येते, आणि दोघेही न चुकता पपई आणतात. या मृत्युपत्राचा मुख्य हेतू मिळकतीची वाटणी हा नसून ही बाब आहे, असे आरंभीच नमूद करतो, म्हणजे वाचणाऱ्याने पहिल्या कलमावर उगाच रेंगाळू नये.

कलम १. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी दोघांना समान. यावर वाद होण्याचे कारण नाही. झाल्यास तो माझ्या पश्चात होईल व मला ऐकावा लागणार नाही.

कलम २. माझा पितळी तराजू व प्रमाणित वजनांची पेटी मी आमच्या चर्चच्या मंडळीस देतो. अट अशी की, नाताळच्या विक्रीत ‘एक किलोचा केक’ म्हणून जो केक विकला जातो, तो प्रथम या तराजूत घालावा. विक्री समितीच्या कार्याध्यक्षांशी माझे या विषयावर तीनदा बोलणे झाले आहे. केक थंड होताना आकसतो, असे त्यांचे म्हणणे. आकसल्याने वजन कमी होत नाही, एवढेच मी येथे कायमस्वरूपी नोंदवून ठेवतो.

कलम ३. शेजारी श्री. हयवदन कुलकर्णी हे माझे वर्तमानपत्र गेली अनेक वर्षे माझ्याआधी वाचतात. ते यापुढे रीतसर त्यांचे. वकील ॲड. शिवलीला हिरेमठ यांनी सांगितले की, ज्यास मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी कुलकर्णींना दोहोंपैकी एक निवडण्यास सांगितले. त्यांनी वर्तमानपत्र निवडले.

कलम ४. आता मुख्य ऐवज.

नाताळापूर्वीच्या आठवड्यांस आमच्या मंडळीत आगमनकाळ म्हणतात. परदेशी कुटुंबांत त्यासाठी खिडक्यांचा पुठ्ठा मिळतो. एक डिसेंबरपासून रोज एक खिडकी उघडायची व आतला खाऊ घ्यायचा. मुले लहान असताना सुचेताने तसला पुठ्ठा एका मासिकात पाहिला आणि म्हणाली, पुठ्ठ्याला मुंग्या लागतील. तिने बेळगावच्या भांडीबाजारातून स्टीलच्या चोवीस लहान डब्या घेतल्या व त्यांवर एक ते चोवीस आकडे घालून मागितले. दुकानातील नावे घालणाऱ्या कारागिराने आकडे अचूक घातले. त्यानंतर, हात सवयीचा असल्याने, प्रत्येक आकड्याखाली ‘वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट’ असेही घातले.

दुकानदार ते घासून देण्यास तयार होता. सुचेता म्हणाली, “राहू दे. घराला शांती मिळाली तर वाईट काय?”

परिणामी आमच्या घरी नाताळचे दिवस चोवीस वास्तुशांतींनी मोजले जात. संडे स्कूलमध्ये आगमनकाळास काय म्हणतात असे विचारले असता मैत्रेयीने वास्तुशांती असे उत्तर दिले. चर्चचे पाळकसाहेब त्याच संध्याकाळी आमच्या घरी आले, हॉलभर नजर फिरवून बसले, आणि करंज्या खाऊन गेले.

ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी सुचेता जेवणाच्या मेजावर नियोजनाची बैठक घेई. कोणत्या दिवशी शंकरपाळी, कोणत्या दिवशी नारळाची वडी, कोणत्या दिवशी खाऊऐवजी कामाची चिठ्ठी, हे तेथे ठरे. मला मताधिकार नव्हता, कारण सर्व डब्यांतील ऐवज समान वजनाचा असावा अशी सूचना मी दरवर्षी मांडीत असे. ती मी आजही मांडतो. सुचेताचे म्हणणे, सगळे दिवस सारख्या वजनाचे असतात का हो? यावर मी नियम वाचून दाखवीत असे.

चिठ्ठ्यांपैकी एक दरवर्षी ठरलेली असे: ‘आज अप्पांना हसवणे.’ त्या दिवशी मुले दात घासण्यापूर्वीच माझ्या मागे लागत. मी पूर्ण सहकार्य करी. परंतु माझा हसण्याचा वेग मंद असल्याने निकाल बहुधा दुसऱ्या दिवशी लागे.

सदर डब्यांची आजची स्थिती अशी: झाकणे पडून, आपटून, व अजिंक्यने झांजा म्हणून वाजवल्याने इतकी वाकली आहेत की, प्रत्येक झाकण आता एकाच डबीस बसते. आकडे डब्यांवर आहेत, झाकणांवर नाहीत. कोणते कोणाचे हे सुचेता बोटांनी चाचपून ओळखत असे.

कलम ५. गेल्या डिसेंबरात काय घडले, हे निःपक्षपातीपणे नमूद करतो.

सुचेताच्या पश्चात तो पहिला नाताळ होता. डब्या भरण्याचे धैर्य कोणासही झाले नाही. म्हणून दोघांनी, एकमेकांस न कळवता, आपापली योजना केली. मैत्रेयीने आईची लग्नातली मोतिया साडी कापून चोवीस खिशांचा पडदा शिवला. अजिंक्यने फोनवर चालणारे ॲप तयार केले, जे रोज सकाळी सहा वाजता घंटा वाजवून नाताळास किती दिवस उरले ते मोठ्याने सांगे. ते त्याने आप्तेष्टांच्या व पाळकसाहेबांच्याही फोनवर घातले होते. एक डिसेंबरला दोघेही माझ्या मेजावर आपापला ऐवज घेऊन हजर झाली.

“आईची साडी कापलीस, अक्का?”

“पेटीत पिवळी पडत होती. तू कधी उघडलीस ती पेटी?”

“विचारायचं तरी.”

“तू विचारलंस? सकाळी सहाला सगळ्या गावाला उठवण्याआधी?”

अजिंक्य चहा न पिता गेला. पडदा घडी घालून कपाटात गेला. ॲप मात्र चालू राहिले. एका अंत्यविधीत पाळकसाहेब प्रार्थना करीत असता त्यांच्या खिशातून घंटा वाजली व ‘आता फक्त अकरा दिवस उरले’ अशी घोषणा झाली. मृताच्या वयोवृद्ध भावाने ती स्वतःस लावून घेतली. पाळकसाहेबांनी सकाळी सहाची घंटा तोपर्यंत बंद करून दुपारची लावली होती, असे चौकशीअंती कळले.

साडीबाबत माझा निर्णय: संडे स्कूलच्या नाटकात देवदूतांस पंख हवेत म्हणून सुचेताने माझ्या लग्नाच्या सुटाचे अस्तर मला न विचारता कापले होते. सबब या घराण्यात कापण्यास पूर्वाधार आहे. ॲपबाबत: ते चालावे, परंतु घंटा सर्वत्र बंद.

कलम ६. उपरोक्त चोवीस डब्यांची वाटणी मी पुढीलप्रमाणे करतो. सर्व झाकणे अजिंक्यला. सर्व डब्या मैत्रेयीला. कोणीही आपला हिस्सा दुसऱ्यास विकू, देऊ किंवा कुरियरने पाठवू नये. दुसऱ्याच्या घरी न्यायचा तर स्वतः घेऊन जावा.

ॲड. शिवलीला यांनी हा मजकूर वाचून पेन खाली ठेवले. “सर, झाकण एकाला आणि डबा दुसऱ्याला, असं कुणी देत नाही.”

कायद्यात मनाई आहे काय, असे मी विचारले. त्यांनी पुस्तक चाळले. मनाई नव्हती.

“पण मुलं तुम्हाला बोल लावतील.”

मी म्हणालो, लावू देत. मात्र एकत्र बसून लावावेत.

कलम ७. माझे दफन सुचेताच्या शेजारी व्हावे. दगडावर केवळ नाव व तारखा असाव्यात. दगड बसवण्यापूर्वी घरच्या जबाबदार व्यक्तीने तो वाचून पाहावा. चिरविश्रांती मला चालेल. वास्तुशांतीनिमित्त चालणार नाही.

कलम ८. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी ॲड. शिवलीला हिरेमठ यांना नेमतो. त्यांनी होकार दिला आहे, थोडा वेळ घेऊन.

पुरवणी

मृत्युपत्र मृत्यूनंतर लागू होते, हे मला ठाऊक आहे. परंतु माझी प्रकृती उत्तम असल्याने तोवर थांबल्यास अनेक नाताळ वाया जातील. म्हणून कलम ६ची अंमलबजावणी मी हयातीतच, परवा शुक्रवारी, केली. एक पोते व्हाइटफील्डला व एक हेब्बाळला, टॅक्सीने रवाना केले. सोबत कलमाची नक्कल जोडली.

शुक्रवारी संध्याकाळी अजिंक्यचा फोन आला, की अप्पा, नुसती झाकणं आलीत, डब्या राहिल्या. राहिले काहीच नाही, नक्कल वाचावी, असे मी सांगितले. थोड्याच वेळात मैत्रेयीचा आला. तिने नक्कल वाचली होती. तिने फक्त विचारले, तुम्ही जेवलात ना वेळेवर?

काल शनिवारी अजिंक्य माझ्याकडे आला नाही. गेल्या वर्षभरात प्रथमच त्याची पपई चुकली. दुपारी मैत्रेयीच्या नंबरवरून फोन आला, आवाज अजिंक्यचा होता. तो पोते घेऊन हेब्बाळला पोचला होता. मागे स्टीलचा मोठा खणखणाट चालू होता.

“अप्पा, सातव्या डबीचं झाकण कुठलं?”

“या कलमापुरता मी वारलो आहे असे समजावे,” मी म्हणालो.

मागून मैत्रेयीचा आवाज आला. “त्यांना काय विचारतोस? त्यांनी जन्मात कधी झाकण लावलंय? ते कडेला चेपलेलं दे. नाही रे, ते नाही. तू झांज केली होतीस ते.”

“सगळ्याच झांजा केल्या होत्या मी.”

“मग भोग आता. धर घट्ट.”

फोन ठेवायचे दोघेही विसरली. मी बराच वेळ कानाला लावून बसलो. एकाने डबी गुडघ्यांत धरायची व दुसऱ्याने झाकण दाबायचे, अशी पद्धत त्यांना सापडली असावी. मध्येच एकविसावी बसली, असे अजिंक्य म्हणाला.  मग मैत्रेयी म्हणाली, “आई हे एकटी कसं करायची रे?” त्याने काय उत्तर दिले ते खणखणाटात ऐकू आले नाही.

आज उपासना आटोपल्यावर दोघे एकाच गाडीतून माझ्याकडे आली. पुढे मैत्रेयी, मागे दोन्ही पोती घेऊन अजिंक्य. एकच पपई होती. त्यांनी संयुक्तपणे मागणी केली की, कलम ६ रद्द करावे व डब्या झाकणांसह दोघांच्या सामाईक मालकीच्या कराव्यात. तसेच दर डिसेंबरात झाकणे व्हाइटफील्डहून हेब्बाळला नेणे, रहदारी पाहता, अमानुष आहे. मैत्रेयी बोलत होती व अजिंक्य प्रत्येक वाक्यास मान डोलावत होता. शेवटी तो म्हणाला, “अक्का म्हणतेय ते बरोबर आहे, अप्पा.”

सदर मागणीचा मी साकल्याने विचार केला. ती मान्य केल्यास पुन्हा एकत्र येण्याचे कारण उरत नाही. सबब मागणी फेटाळण्यात येत आहे. कलम ६ कायम.

निर्णय ऐकून दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि ती स्वयंपाकघरात गेली. उद्या एक डिसेंबर. आता तेथे बेसन भाजल्याचा वास येत आहे व मला कोणीही आत घेत नाही.

मृत्युपत्रकर्ता: (सही) जयवंत दाविद चोपडे

आम्ही खाली सही करणारे, एकाच वेळी हजर राहून, श्री. चोपडे यांना सही करताना पाहिले. त्यांच्यासमोर आम्हीही सह्या केल्या. ते पूर्ण शुद्धीत होते, व काही काळ हसत होते.

साक्षीदार १: (सही) महानंदा बेळ्ळद, तिसरा मजला
साक्षीदार २: (सही) नागराज शेट्टी, तळमजला

स्थळ: बेंगळुरू
दिनांक: ३० नोव्हेंबर २०२५, आगमनकाळाचा पहिला रविवार